चौथ्या तासाची मीटिंग

आम्ही कॅम्पस सोडला त्या सकाळी गाडी माणसाच्या पावलानं चालली होती. ड्रायव्हरला घाई असती तरी उपयोग नव्हता, कारण गाडीच्या दोन्ही बाजूंना माझे विद्यार्थी चालत होते. पश्चिम केनियातल्या त्या डोंगराळ भागात पाहुण्याला दारातूनच 'बरंय, या' म्हणत नाहीत. त्याच्याबरोबर थोडं चालायचं, निदान वळणापर्यंत तरी. माया जितकी जास्त तितकं वळण लांबचं. आमची पोरं थेट डांबरी रस्ता लागेपर्यंत आली. निलगिरीच्या झाडांत धुकं अडकलं होतं, लाल रस्ता रात्रीच्या पावसानं ओला होता. कोएच नावाचा माझा सगळ्यात धडपड्या विद्यार्थी खिडकीच्या काचेवर हात ठेवून चालत होता. मागच्या सीटवर माझी मुलगी रेवा, तेव्हा दुसरीतली, गाढ झोपली होती. माझा नवरा विलास पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासत होता. चाकं डांबरीवर आली, कोएचनं हात काढून घेतला, आणि मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरले असते.

अक्का, हे तुझ्यासाठी लिहितेय. मिरजेच्या घराची वरची खोली तू रंगवून ठेवली आहेस, 'आता रिटायर झालीस, ये की गं' म्हणून दर फोनला सांगतेस, तेव्हा तुला हे माझ्याकडून कळलेलं बरं. आणि इथं अमेरिकेत, कॅरीतल्या माझ्या भिशीच्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठीसुद्धा. तुम्ही मला विचारता, 'तुम्ही आधी आफ्रिकेत होतात ना, काय करत होतात हो तिथं?' आणि मी तोंड उघडलं की तुमचं एअर फ्रायरवर सुरू होतं. आज मध्ये बोलायचं नाही.

पहिल्यांदा घर सोडलं ते मिरजेचं. विलासला केनियातल्या साखर कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली आणि मी राहुरीहून मृदाशास्त्रात घेतलेली डॉक्टरेट बॅगेत घालून त्याच्या मागे निघाले. वडील, म्हणजे आमचे दादा, ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "माती बघायला एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे? मळ्यातली काय संपली का?" आईनं मात्र पोळ्यांचा डबा हातात देताना सांगितलं, "जिथं चूल मांडशील तिथं आधी शेजार जोड." दादांच्या बोलण्याचा मला राग आला होता. पण पुढे कित्येक वर्षं दर नागपंचमीच्या आधी ते पत्रातून एकच विचारायचे, तिथं मुराळी पाठवायचा तर बोटीनं की विमानानं. लग्न झालेल्या पोरीला माहेरी न्यायला घरचं माणूस जायला हवं, हा त्यांचा हट्ट, आणि मी अशा ठिकाणी जाऊन बसले की कोणी न्यायला येऊच शकत नव्हतं. ते गेले आणि तो प्रश्नही संपला.

कारखान्याच्या कॉलनीत बसून मी दोन महिन्यांत वेडी झाले असते. तेवढ्यात कळलं की पलीकडच्या टेकडीवर सरकार विद्यापीठ काढतंय. काढतंय म्हणजे काय, तर शेतीखात्याची जुनी प्रशिक्षण संस्था होती, कौलारू खोल्यांची, तिच्या फाटकावर नवी पाटी लागली. तिथली पद्धत मला फार आवडली होती. नवं विद्यापीठ एकदम सुटं सोडत नाहीत. आधी ते कॉलेज असतं, एका जुन्या, मोठ्या विद्यापीठाच्या पदराखाली. अभ्यासक्रम त्यांनी मंजूर करायचा, प्रश्नपत्रिका त्यांनी तपासून परत पाठवायच्या, पदवीवर नाव त्यांचं. पोरगी आपली आणि आडनाव दुसऱ्याचं. मग काही वर्षांनी सरकारला वाटलं की ही स्वतःच्या पायावर उभी राहिली, की सनद मिळते. तोपर्यंत आमच्यासारख्यांनी इमानानं राबायचं.

मी तिथं गेले तेव्हा सगळंच कोवळं होतं. लायब्ररीत पुस्तकांपेक्षा फळ्या जास्त. शिक्षणशास्त्राचं स्कूल सगळ्यात थोरलं, कारण देशाला मास्तर हवे होते. स्कूल म्हणजे आपल्याकडे ज्याला विद्याशाखा म्हणतात ते. त्याच्या पोटात डिपार्टमेंटं. विज्ञानाचं स्कूल नुकतं रांगायला लागलेलं, कला शाखेला स्वतःचा हॉल नव्हता, कॉमर्सवाले मेसमध्ये जेवणं उरकल्यावर शिकवायचे आणि त्यांच्या वह्यांना कोबीचा वास यायचा. शेतीचं स्कूल कागदावरसुद्धा नव्हतं. शेतीच्या संस्थेत जन्मलेल्या विद्यापीठाला शेतीचं स्कूल नाही, यावर मी पहिल्याच आठवड्यात भांडले. प्रिन्सिपॉल शांतपणे म्हणाले, मांडणी अजून ठरायची आहे, मीटिंग बोलावतोय, तिथं बोला.

आता ती मीटिंग. तिकडे बोलण्यात तास मोजतात ते उजाडल्यापासून. विषुववृत्तावर सूर्य बाराही महिने जवळपास एकाच वेळी उगवतो, मग दिवस मध्यरात्री कशाला सुरू करायचा? सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. किती सरळ आहे. पण मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं, कारण मी दोन आठवडे स्वाहिली शिकले होते आणि मला दहापर्यंत आकडे येत होते. ऑफिसातल्या बाईंनी व्हरांड्यातून हाक मारून सांगितलं, मीटिंग सोमवारी, सा न्ने. सा म्हणजे तास, न्ने म्हणजे चार. मी ऐटीत मान हलवली.

सोमवारी चार वाजता मी इरकल नेसून, मुद्दे पाठ करून हॉलवर गेले. खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मीटिंग सकाळी दहालाच झाली होती, चौथ्या तासाला. भूगोलाचे वयस्कर प्रोफेसर तेवढे कागद गोळा करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इरकलीकडे पाहिलं, आणि काय झालं असेल ते त्या भल्या माणसाला कळलं. हसू दाबत म्हणाले, काळजी करू नका, तुमच्या मातीला कोणी वाली नव्हता, म्हणून मी तिला भूगोलात ठेवून घेतली.

झालं. सगळ्या विषयांना डिपार्टमेंटं मिळाली, मृदाशास्त्र भूगोलातलं एक युनिट झालं. भाडेकरूच म्हणा ना. नकाशांच्या कपाटाखाली एक टेबल आणि खिडकीच्या कट्ट्यावर मातीचे नमुने वाळत घालायची परवानगी. बदलून द्या म्हणून मी अर्जांवर अर्ज केले. उत्तर एकच, मांडणी मोठ्या विद्यापीठानं मंजूर केली आहे, आता सनद मिळाल्यावर बघू. पुढे त्या कॅम्पसवर मला मीटिंगचा निरोप कधी साधा आला नाही. 'मॅडम, दहा वाजता, चारला नाही' असाच यायचा, आणि सांगणारा हसत पळायचा.

पण काय दिवस होते. पोरांना घेऊन टेकडीवर जायचं आणि पुरुषभर खोल खड्डा खणायचा. त्यात उतरून मातीचे थर बघायचे. आपल्या मळ्यातली काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, इथली लाल खाली खाली तशीच, मऊ, एकसारखी, मुठीत दाबली तर भगरीसारखी सुटी होणारी. दुपारी चहाच्या मळ्यांवरून पाऊस चालत यायचा. तो दिसायचा आधी, ऐकू यायचा नंतर. मग सगळ्यांनी त्याच खड्ड्यात डोक्यावर प्लॅस्टिक धरून दाटीवाटीनं बसायचं. कोणीतरी चर्चमधलं गाणं सुरू करायचं, बाकीचे हळूहळू सूर भरायचे. मातीच्या आत बसून पावसात गाणं ऐकलंय का कधी तुम्ही? मला अजून कधीकधी कळत नाही की ते झालं होतं की मी झोपेत बघितलं होतं. त्या खड्ड्यात सगळ्यात बारीक आवाज चेबेट नावाच्या मुलीचा असायचा. ती शेवटच्या बॅचची, आणि मातीला हात लावायला कधी न लाजणारी.

मग कारखाना बंद पडला. विलासच्या मित्रानं इकडे नॉर्थ कॅरोलायनात, एका औषधांच्या कंपनीत त्याचं काम जमवलं. रेवाच्या शाळेचाही प्रश्न होताच. सनद येणार येणार म्हणून सगळे वाट बघत होते आणि मी सामान बांधत होते. आम्ही निघालो आणि पाचसहा महिन्यांत सनद आली. स्वतःच्या नावाची पहिली पदवी, स्वतःच्या रंगाचे झगे, कुलगुरू, सिनेट, सगळं. त्या समारंभाचा व्हिडिओ कोएचनं पाठवला तो मी कॅरीच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटता लाटता पाहिला. मिरवणुकीत भूगोलाचे प्रोफेसर काठी टेकत चालले होते. मी पोळी करपवली आणि खूप रडले. बाळंतपण निस्तरावं आपण आणि बारशाला नसावं, तसं झालं ते.

कॅरीला आल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर नव्या घरासाठी खोदकाम चाललं होतं. मी कचरा टाकायला बाहेर पडले आणि तिथंच उभी राहिले. लाल माती. मी कुंपणाच्या दोरीखालून हात घालून चिमूटभर उचलली. पण नाही, ही चिकट, नारिंगी, हाताला सोडत नाही, मुठीतून सुटी होत नाही. नात्यातली म्हणावी पण सख्खी नव्हे. मग माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरी धरली. इथं लोक लॉनची माती तपासायला आणतात. खायला काही पिकवायचं नाही, नुसतं हिरवं दिसायला हवं. वर्षानुवर्षं मी हायवेवर ड्राइव्ह करत राहिले. पाइनच्या झाडांत सकाळचं धुकं असलं की एखादा एक्झिट मिस व्हायचा. त्या क्षणी मी कॅरीत नसायचेच. मागच्या गाडीनं हॉर्न दिला की परत यायचे.

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. रेवा आता पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे, पावसाला शिव्या देते. विलास देवळाच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतो. आणि एका रविवारी सकाळी कोएचचा व्हॉट्सअॅप कॉल आला. तो आता डॉक्टर कोएच, भूगोलातल्या त्याच युनिटचा इनचार्ज, कपाळ मागे गेलेलं. म्हणाला, मॅडम, शेवटी शेतीचं स्कूल होतंय. सगळी मांडणी नव्यानं ठरतेय. आपलं युनिट सुटून स्वतंत्र डिपार्टमेंट होऊ शकतं, पण सिनेटची अट आहे की डॉक्टरेट असलेले तीन शिक्षक पूर्णवेळ, तिथं राहून शिकवणारे हवेत. आम्ही दोघंच आहोत. या खेपेला जमलं नाही तर मातीचा विषय पीकशास्त्रात मिसळून टाकणार. मग हे नावच राहणार नाही. एवढं सांगून तो मुद्द्यावर आला. चेबेट तुमच्या जवळच आहे ना? तुमचं ऐकेल ती.

चेबेट खरंच जवळ होती. तिनं पलीकडच्या रॅली शहरात राहून डॉक्टरेट केली, नुकतीच पूर्ण झाली, आणि रिसर्च ट्रँगल म्हणतात त्या इथल्या कंपन्यांच्या पट्ट्यात, एका बियाण्यांच्या कंपनीत तिला ऑफर होती. दर रविवारी ती आमच्याकडे पोह्यांना येते. पोह्यांवर लिंबू आणि खोबरं दोन्ही हवं, यावर आमच्या रेवापेक्षा तीच जास्त अडून बसते. ती जाताना मी तिच्याबरोबर चालते, तिच्या रीतीप्रमाणं. म्हणजे ती खिडकी खाली करून गाडी अगदी हळू चालवते आणि मी कडेनं मेलबॉक्सपर्यंत चालते. समोरच्या घरातली गोरी बाई पहिल्यांदा घाबरून बाहेर आली होती, काही मदत हवी का विचारायला.

त्या रविवारी मी काय बोलायचं ते सकाळपासून घोकत होते. 'तुझ्या मातीचं ऋण' वगैरे वाक्यं मनात तयार होत होती आणि माझा मलाच संताप येत होता. जिनं स्वतः बिऱ्हाड उचललं तिनं दुसरीला 'परत जा' कोणत्या तोंडानं सांगावं? दादांनी मळ्याचं नाव काढलं तेव्हा मला कसं लागलं होतं ते मी विसरले नव्हते. म्हणून मग आपल्याकडच्या बायका करतात तेच केलं, आडून आडून बोलत बसले. टेकडीवर आता पाऊस सुरू झाला असेल नाही, भूगोलाचे सर कसे आहेत कोण जाणे, असं. चेबेट परसात माझ्या मेथीच्या वाफ्यात बसून गवत काढत होती. तिनं एक ढेकूळ हातात फोडलं, किंवा फोडायचा प्रयत्न केला, आणि वर न बघता विचारलं, "कोएचनं तुम्हालाही फोन केला ना?"

मी हो म्हटलं. मग ती सविस्तर बोलली, तिच्या त्या संथ इंग्रजीत. खूप विचार केलाय म्हणाली. पहिल्यांदाच कोणी तिला तिचे स्वतःचे प्रयोग करायला जमीन आणि माणसं देतंय. परत जाणार आहे, नक्की, पण हातात काही घेऊन. एक खुर्ची रिकामी आहे म्हणून नव्हे. एवढ्यात नाही. ती चुकीचं काही बोलत नव्हती आणि मला तेच सहन होत नव्हतं.

"मग ते डिपार्टमेंट जाईल, चेबेट," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

तिनं जीन्सला हात पुसले. "मॅडम, डॉक्टरेट काय फक्त माझ्याकडेच आहे?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. मी आत जाऊन डब्यात चिवडा भरला, तिच्या हातात दिला, आणि ती निघाली तेव्हा नेहमीसारखी गाडीच्या कडेनं चालू लागले. ऊन पडलं होतं, पाइनच्या सुयांचा वास येत होता. मेलबॉक्सजवळ पोचल्यावर लक्षात आलं की माझा हात सगळा वेळ तिच्या खिडकीच्या कडेवर होता. मी तो काढून घेतला आणि ती गेली, आणि मी तिथंच फुटपाथवर बसले. इतकी वर्षं मी त्या गाडीत बसल्यासारखीच जगत होते गं. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की आता मी चालणाऱ्यांच्या बाजूला आहे.

घरी येऊन विलासला सांगितलं, तिसरी शिक्षक म्हणून मीच जाते. त्यानं टीव्ही बंद केला. मग विचारलं, "तिकडे उसाचा हंगाम कधी सुरू होतो गं आता?" एवढंच. त्याच्या मनातला कारखाना कधी बंद पडला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. रेवाला व्हिडिओवर सांगितलं तर तिनं आधी 'आई, आर यू सीरियस?' विचारलं, मग हेल्थ इन्शुरन्स, मग डोळे पुसले आणि 'जस्ट गो, आई' म्हणाली. मला वाटलं होतं थांबवेल. मनातून थोडं हवंही होतं.

कोएचला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, सिनेटपुढे ठेवतो. माझा दोन वर्षांचा करार, आणि तो संपेपर्यंत चेबेटनं यायचं पक्कं केलंय, तिनंच त्याला तसं कळवलं. माझ्याआधी. कार्टी.

गेल्या महिन्यात सिनेटनं मान्य केलं. मृदाशास्त्र, शेतीचं स्कूल. भूगोलातून बिऱ्हाड हलणार. ते वयस्कर प्रोफेसर आता नाहीत. त्यांना सांगायला हवं होतं की तुम्ही ठेवून घेतलीत ती माती आता आपल्या घरी निघालीय.

अक्का, वरची खोली रिकामी राहणार, हे मला माहीत आहे. तू फोनवर नुसतं 'बरं' म्हणशील, आणि तुझं ते 'बरं' मला विमानात छळेल. मी मिरजेवर रुसले नाही गं. आईच्या हातचा तो पोळ्यांचा डबा अजून माझ्या ओट्यावर आहे, यावेळी तोही नेतेय. पण माझं वय झालंय आणि मला एकदाच कुठंतरी परत जाता येणार आहे. जिथलं काम अर्धं टाकून निघाले तिथं जाते. वर्षअखेरीला तूच ये. तिथली सकाळ बघ एकदा.

उद्या निघायचं. विलास हिवाळा संपवून येईल, त्याची टूर्नामेंट आहे म्हणे. चेबेट गाडी घेऊन येणार आहे. मी म्हटलं, उबर करते, कशाला तुला त्रास, तर तिला रागच आला. विमानतळ म्हणजे वळणापर्यंतच तर आहे, म्हणाली.

आत्ता लिहिता लिहिता कोएचचा मेसेज आला. 'मॅडम, नव्या स्कूलच्या बोर्डाची पहिली मीटिंग सोमवारी, सा न्ने.' खाली हसण्याचे चेहरे. मी उत्तर टाइप करत होते की आता येतं हो मला, सकाळी दहा. तेवढ्यात त्याचा दुसरा मेसेज आला, 'घड्याळ राहू द्या. तुम्हाला न्यायला मी स्वतः येतोय.'

अक्का, दादांना सांगायला हवं होतं. मुराळी येतोय.